फणसाच्या फळीचा आवाज

लाकडं बोलायची तेव्हाची गोष्ट. गिटारीसाठी फळ्या निवडताना बस्त्याव मेस्त्री प्रत्येकीला टिचकी मारून तिचा आवाज ऐकायचे. गोठ्याच्या दाराची जुनी फणसाची फळी धास्तावली. शेजारच्या शिसवीसारखं खणखणीत वाजायला गेली, तर नुसतंच ठक्क झालं. मेस्त्रींनी तिला सरपणात टाकलं.

"शिसवताई, मला गाताच येत नाही."

"माझं गाणं कशाला गातेस? गोठ्यात काय ऐकायचीस?"

"गाय वासराला हाक मारायची ते."

त्या आठवणीनं फळी सैलावली. एवढ्यात मेस्त्री कुऱ्हाड घेऊन आले. सवयीनं त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि खोलीभर उबदार आवाज घुमला.

मेस्त्रींनी कुऱ्हाड खाली ठेवली. "बये," ते म्हणाले, "मघाशी कुणाच्या आवाजात बोलत होतीस?"