गोफणीची राखण

अवजारं बोलत, त्या काळची गोष्ट. तान्हूबाईच्या गोफणीने एका सकाळी पोपटांचा अख्खा थवा उधळला आणि ज्वारी वाचवली. मग ती अशी फुगली, की पाखरं गेली तरी थांबेना. नुसता वारा हलला तरी गरगर फिरून दगड भिरकावी.

संध्याकाळी कणसं रडकुंडीला आली. "पोपटांनी चार खाल्ली, हिने चाळीस मोडली!"

"मग घाला मला चुलीत!" गोफण फणकारली.

"अगं, उद्या पोपट आले तर?" तान्हूबाईने तिला मचाणाच्या खांबाला अडकवलं. "मी हात लावेपर्यंत हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. गोफण जागची हलली नाही.

"काय गं, आज कामाला सुट्टी?" कणसांनी विचारलं.

"सुट्टी कसली?" गोफण ताठ्यात म्हणाली. "राखण चाललीय."