नऊ वर्षांचा प्रोसेसर

निवृत्त पोस्टमन हणमंतराव ढोबळ्यांना नागपूरला राहणाऱ्या नातीबरोबर ऑनलाइन नवा गेम खेळायचा होता. जुना कॉम्प्युटर घेऊन ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

"नऊ वर्षांचा प्रोसेसर? हा गेम यावर चालणारच नाही. भंगारात टाका, नवा घ्या!" सत्तरीचे मालक बापूशेठ गरजले.

दुरुस्ती करणाऱ्या रेवतीने विचारलं, "शेठ, माळ्यावरचा माल कोण काढतं?"

"हमाल. माझे गुडघे गेलेत."

"तरी दुकान तुम्हीच चालवता ना? तुम्हाला कुणी भंगारात टाकलं नाही. मग या प्रोसेसरचंही ओझं कमी करू."

तिने गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन नुसत्या शोभेच्या सावल्या, गवत, धुकं बंद केलं. गेम सुरळीत चालला. शेठ ओशाळून हसले.

हणमंतरावांचे डोळे भरून आले. "पोरी, आज नातीशी खेळेन तो तुझ्यामुळं."