रंभा हत्तिणीचं सुतक

दसऱ्याच्या दिवशी चिंचगडच्या प्रतापराव महाराजांनी आपल्याच हत्तिणीला गोळी घालण्याचा हुकूम सोडला. माहेरपणाला आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा, सगुणाक्कांचा, कानांवर विश्वासच बसेना. त्या तशाच हत्तीखान्याकडे धावल्या.

तिथे रंभा हत्तीण आपल्या मेलेल्या पिल्लापाशी उभी होती. सोंडेनं गवत उचलून ती त्याच्या अंगावर हळूहळू घालत होती. अंबारी चढवायला माहूत पुढे झाला की पिल्लाच्या आड येत होती, पण जागची हलत नव्हती. 

महाराज शेजारच्या शिपायाकडे वळून गरजले, "मिरवणुकीची वेळ टळतेय आणि ही माझा हुकूम मोडते? हा राजद्रोह आहे! उचल रे बंदूक!"

शिपायानं नेम धरला, तोच अक्का आडव्या आल्या. "थांबा महाराज! सुतक असलेल्यानं मिरवणुकीत यायचं नाही, हा हुकूम तुमचाच ना? हिचं लेकरू गेलंय. ही तोच हुकूम पाळतेय."

महाराज कुत्सितपणे हसले. "अक्का, जनावराला कसलं आलंय सुतक?"

"मग जनावराला राजद्रोह तरी कुठला?"

महाराजांनी शिपायाला हातानं खूण केली. बंदूक खाली आली. रंभा पुन्हा पिल्लावर गवत घालू लागली. ते बघून महाराज म्हणाले, "मिरवणुकीला माझा घोडा आणा. आणि हिला इथून कुणी हलवू नका."

आपण भरल्या बंदुकीसमोर उभ्या होतो, हे अक्कांच्या आत्ता कुठे ध्यानात आलं आणि त्यांनी शिपायाला आधी ती बंदूक रिकामी करायला लावली.