भिवरा परटीण आणि तेल्याची द्वारकी

बातमी आली तो दिवस उंबरगव्हाणात इतर दिवसांसारखाच होता. गुणाजी तेल्याचा घाणा कुरकुरत फिरत होता, बैलाच्या डोळ्यांवर झापड होती, आणि ओसरीवर कासारीण बांगड्या भरत बसली होती. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. तेव्हा गावात दवाखाना नव्हता. दंडावर देवी टोचणारा माणूस त्या मुलखात अजून फिरकला नव्हता. अंगभर फोड उठवून माणसं नेणाऱ्या त्या रोगाचं नावसुद्धा लोक हळू आवाजात घेत.

कासारणीनं ते हळूच घेतलं. "खालच्या गावी देवी आलीया. तीन घरं बंद झाली."

बोलता बोलता तिनं पुढचा हात धरला. तो गुणाजीच्या एकुलत्या एक मुलीचा, द्वारकीचा होता. द्वारकीला नुकतंच अकरावं सरलं होतं. कासारणीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि हात सोडून दिला. बांगडी खाली पडून फुटली.

"अगं बया! हिच्या तोंडावर काय हाय?"

जे होतं ते महिनाभरापासून होतं. कपाळावर आणि गालांवर पुटकुळ्या होत्या, काही लाल, काही पांढऱ्या टोकाच्या. आईनं, सगुणानं, हळद लावून पाहिली होती. उंबराची साल उगाळून लावली होती. शेजारणीनं चुना सांगितला, तोही दोन ठिकाणी लावला, आणि तिथली कातडी भाजली. शिवाय रोज रात्री ती मुलीच्या डोक्यावर वाटीभर तेल जिरवत असे. "तेल्याची लेक आणि डोकं कोरडं? गाव हसंल," असं गुणाजी म्हणे. गाव तसंही हसतच होतं. पाणवठ्यावर बायका विचारत, "द्वारके, कपाळावर तीळ पेरलेस का गं? काढणी कधी?"

महिनाभर हसणारं ते गाव त्या दुपारी घाबरलं.

संध्याकाळी चावडीवर माणसं जमली. पाटील म्हणाले, "गुणाजी, लेकरू तुझं तसं आमचंबी हाय. पर बाकीची लेकरंबी हायेत. उद्या दिवस मावळायच्या आत तिला ओढ्यापल्याड खोपीत ठेव."

ओढ्यापल्याडच्या त्या खोपीला दार नव्हतं. रोगी माणसाला तिथं ठेवत, भाकरी लांबून दगडावर ठेवून येत, आणि भाकरी तशीच राहिली की काय ते समजत. रोगानं नाही नेलं तर लांडगे नेत. सगुणा द्वारकीला पोटाशी धरून चावडीच्या पायरीवर बसून होती.

तेवढ्यात ओढ्याकडून भिवरा परटीण आली. डोक्यावर कापडांचं गाठोडं होतं. सगळ्या गावाची कापडं तीच धुवायची, आणि कापडावरून तिला घर कळायचं. कुणाला रात्री खोकला येतो, कुणाच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही, हे ती न सांगता ओळखायची. सुनेला दिवस गेलेले सुनेच्या आधी भिवराला कळत, असं म्हणतात. तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे खोल वण होते.

तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि सगुणाला विचारलं, "ताप किती दिस व्हता?"

"ताप? ताप न्हाईच आला."

"कंबर दुखली? उलट्या?"

"न्हाई गं माय. काल दोन भाकरी खाल्ल्या तिनं."

भिवरानं द्वारकीचे तळहात पाहिले. तळपाय पाहिले. पाठीवरून चोळी वर सारून पाहिली. मग म्हणाली, "आता हिच्या उशीचा अभ्रा आण."

गर्दीतून कुणीतरी हसलं. "परटिणीला अभ्र्यातबी वैद्यकी दिसाया लागली!"

"वैद्याला नाडी कळती, मला अभ्रा कळतो," भिवरा म्हणाली. "तुझा आणू का चावडीवर?"

हसणारा गर्दीत मागं सरकला.

अभ्रा आणला. भिवरानं तो नाकाशी धरला, दोन बोटांत चोळला, मग ओढ्यावर नेऊन पाण्यात सोडला. सगळं गाव काठावर उभं होतं. अभ्र्यातून इतकं तेल सुटलं की ओढा या काठापासून त्या काठापर्यंत सात रंगांनी चमकला, आणि खालच्या गावच्या म्हशी त्या दिवशी पाण्यात उतरल्या नाहीत, असं म्हणतात.

"देवीच्या कापडाला वास असतो," भिवरा म्हणाली. "तापाचा घाम असतो, फोडाचं पाणी असतं. ते कापड मी धुतलंय. माझ्या रंगूचं."

रंगू तिची मुलगी. ती गेल्याला बरीच वर्षं झाली होती.

"ही देवी न्हवं," ती पुढं म्हणाली. "लेकरू मोठं व्हाया लागलं की कातडी आपसूक तेल सोडती. त्यावर हे आणिक घाण्याचं वततात, चुना फासतात. तोंड काय करंल बिचारं?"

गुणाजीची मान खाली गेली. पण पाटलांना पटलं नाही. "आणि तू चुकलीस तर?"

"मी तिच्यासंगं खोपीत ऱ्हाते. देवी असंल तर बारा दिसांत दिसंलच. मला ती येऊन गेलीया, पुन्यांदा येत न्हाई. पर तंवर तुमची कापडं कोण धुणार ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी दोघी ओढा ओलांडून गेल्या. भिवरानं खोपीभोवती दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर पांढरी फडकी वाळत घातली. लांडगे येऊन त्या फडक्यांपाशी थांबत आणि माघारी जात, असं म्हणतात. सगुणा रोज संध्याकाळी अलीकडच्या काठावर येऊन उभी राही. हाक मारायची तिची हिंमत होत नसे. द्वारकीच हात हलवायची.

भिवराचा उपाय पाहायला कुणी गेलं तर त्याची निराशाच झाली असती. ना मुळी, ना मंत्र. सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं, जोर न लावता तोंड धुवायचं. घासायचं नाही, टिपायचं. टिपायला रोज नवं धुतलेलं फडकं. डोक्याला तेल नाही, केस मागं बांधलेले. आणि पुटकुळीला नख लावायचं नाही. हे शेवटचं फार अवघड होतं. म्हणून द्वारकीचा हात रिकामा दिसला की भिवरा त्यात ओलं कापड द्यायची आणि पिळायला लावायची.

"भिवरामाय, हे जाईल का?"

"जाईल."

"कधी?"

"तुला इचारायचा कंटाळा येईल तवा."

द्वारकी हसली. तिला हसून महिना झाला होता. मग तिनं विचारलं, "रंगू केवढी व्हती?"

"तुझ्याएवढी," भिवरा म्हणाली, आणि ज्या कापडात थेंब उरला नव्हता ते पिळत बसली.

तिकडे गावात मळकी कापडं साठली. पाचव्या दिवशी लोक एकमेकांपासून लांब बसू लागले. आठव्या दिवशी एका घरी पाहुणे आले आणि पाणी न पिताच गेले. तेराव्या दिवशी सकाळी पाटील स्वतः ओढ्यावर आले. त्यांच्या मुंडाशाचा रंग कोणता होता हे सांगणं कठीण होतं.

द्वारकीला ताप आला नव्हता. हात-पाय स्वच्छ होते. पाटलांनी वाकून तिचं तोंड पाहिलं. "पर पुटकुळ्या तर हायतच की!"

"असणारच. बारा दिसांत देवी कळती, पुटकुळ्या जात न्हाईत. त्यांना महिने लागतात. कमी व्हतील, पुन्यांदा येतील, मग जातील."

"बरं, आता कापडं धुशील ना?"

"धुईन. पर जो कुणी हिच्या तोंडाबद्दल एक अक्षर बोलंल, चांगलं असू दे न्हाईतर वाईट, त्याचं कापड माझ्या दगडावर येणार न्हाई."

असं म्हणतात, की त्यानंतर वर्षभर उंबरगव्हाणात कुणी द्वारकीच्या तोंडाबद्दल बोललं नाही. पाणवठ्यावर तिळांची चेष्टा थांबली. शेजारणीनं चुन्याचं नाव काढलं नाही. गुणाजीनं मुलीच्या वाटणीचं तेल देवापुढच्या दिव्यात घालायला सुरुवात केली. पुढच्या सुगीपर्यंत तिचं तोंड बरंचसं निवळलं. चुन्यानं भाजलेले दोन डाग मात्र राहिले.

भिवराचं पुढं काय झालं ते नीटसं कुणी सांगत नाही. एका सकाळी ती ओढ्यावर गेली आणि परतली नाही. लोक पाहायला गेले तेव्हा सगळ्या गावाची कापडं धुऊन, वाळवून, घड्या घालून दगडांवर ठेवलेली होती, ज्या घराची त्या घराला वेगळी, असं म्हणतात.

उंबरगव्हाणात आजही एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या की आई दाराच्या दोरीवर एक धुतलेलं पांढरं फडकं टाकते. त्याला भिवराचं फडकं म्हणतात. ते दिसलं की आलागेला त्या मुलाच्या तोंडाबद्दल काही बोलत नाही. मावशी, आत्या आपापले उपाय घरीच ठेवतात. उशीचे अभ्रे वेगळे धुतले जातात. पुटकुळ्यांच्या गाठी होऊन दुखू लागल्या किंवा डाग पडू लागले तर मुलाला एसटीनं तालुक्याच्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर विचारतात, घरी काय काय लावलं? या गावचे लोक सांगतात, फडकं लावलंय. पहिल्यांदा डॉक्टरांना ते कळलं नव्हतं. आता कळतं, की तोंडाला काहीच फासलेलं नाही.

द्वारकी पुढं लग्न होऊन लांबच्या गावी गेली. म्हातारी होईपर्यंत ती माहेरी येत राहिली. लोक तिला चहा देत, भिवराची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकत, आणि कौतुक करत. तिला खोपीत पाठवल्याबद्दल गावानं तिची माफी मागायला हवी होती. ती कुणी मागितली नाही.