डोंगराखालचा श्वास

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय. आता ती घडली तेव्हा माझ्या पणजोबांचाही जन्म झाला नव्हता, ते सोडा. पण ऐका तर खरं.

फार फार पूर्वी, डोंगर अजून उंच व्हायचे थांबले नव्हते तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरातल्या गुहेतून ऊबदार वारा यायचा. लोकांनी तो बांबूच्या नळ्यांनी घरोघर आणला होता. त्या वाऱ्यावर जातं फिरे, रवी घुसळे, झोपाळा हले, थंडीत खोली ऊबदार राही. वारा येतो कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. येतोय ना, मग झालं.

गावाची एक समजूत होती. ज्या घरातलं जातं थांबलं, त्या घरातून लक्ष्मी निघून जाते. म्हणून दळण संपलं तरी जाती फिरतच राहायची. दगडावर दगड घासून दगडाचंच पीठ पडायचं आणि बायका त्याची दारात रांगोळी काढायच्या. पाटलीणबाईंची रांगोळी सगळ्यांत मोठी, कारण त्यांचं जातं सगळ्यांत मोठं.

त्या गावात येसू नावाची एक मुलगी होती. एका हिवाळ्यात तिच्या भावजयीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला कापसात गुंडाळून नळीच्या तोंडाशी ठेवलं होतं. त्या उबेवरच तिचा जीव होता. आणि नेमका तेव्हाच वारा मंदावला. लोकांनी काय करावं? आपापल्या नळीचं भोक मोठं केलं. वारा आणखी मंदावला.

बाळाचे ओठ निळे पडू लागले, तशी तिची आत्या येसू उठली आणि नळीच्या मागानं थेट गुहेत शिरली.

आत एक कासव होतं. एवढं मोठं, की गाव ज्याला डोंगर म्हणत होतं ती त्याची पाठ होती. त्यानं डोळा उघडला. येसूला त्यात ती स्वतः दिसली, तिच्यामागचं गुहेचं तोंड दिसलं आणि त्यापलीकडचं सगळं आभाळ दिसलं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"थकलात का, आजोबा?" तिनं विचारलं.

"जरा," कासव म्हणालं. "तुमचं गाव फार दळतं. माणसं वाढली वाटतं?"

"नाही हो. निम्मी जाती रिकामीच फिरतात."

कासवानं डोळा अर्धवट मिटला. मग म्हणालं, "असं होय. जात्यात दाणे आहेत की नाहीत, ते मला इथून दिसत नाही. श्वास मात्र तेवढाच लागतो."

येसू घरी न जाता पाटलीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्या हसल्या. "अगं येसू, आज डोंगर श्वास घेतो म्हणतेस, उद्या ओढा जेवायला आला म्हणशील. आमचं जातं कधी थांबलं नाही आणि थांबायचंही नाही."

येसूनं वाद घातला नाही. त्यांना हाताला धरून आपल्या घरी नेलं, त्यांचा तळवा बाळाजवळच्या नळीपुढे धरला आणि इथंच थांबा म्हणून सांगितलं. मग धावत पाटलीणबाईंच्या घरी परत जाऊन तिनं डोक्यावरची चुंबळ त्यांच्या नळीत कोंबली. ते भलंमोठं जातं कुरकुरलं आणि थांबलं.

इकडे पाटलीणबाईंचा तळवा ऊबदार झाला. बाळाभोवतीचा कापूस थरथरला. मग त्या कापसातून बारीकसं रडू आलं.

पाटलीणबाई तशाच उठल्या. बाहेर पडून घरोघर गेल्या आणि एकेक जातं बंद करवलं. शेवटचं थांबलं तेव्हा गावात पहिल्यांदाच शांतता झाली. त्या शांततेत सगळ्यांना पायाखालून ऐकू आलं: संथ, खोल, आत जाणारं आणि बाहेर येणारं. लोकांनी हळूच पायातली पायताणं काढून ठेवली.

मुलगी वाचली. लक्ष्मीही कुठे गेली नाही. गेली ती भाकरीतली कचकच. तेव्हापासून त्या गावची प्रत्येक नवरी सासरी जाताना नळी बंद करायचं लाकडी बूच सोबत नेते.

तात्पर्य, काम संपलं की यंत्र बंद करावं. रिकामं फिरणारं यंत्रही कुणाचा तरी श्वास खर्च करत असतं.

आता कबूल करतो, कासव मी रचलं. रिकामं जातं मात्र रचलेलं नाही. खोटं वाटत असेल तर उठा आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बघा, पंखा कुणाला वारा घालतोय.