एका पावलाला अकरा मिनिटं

"एक पाऊल टाकायला अकरा मिनिटं लागतात, अप्पा. असं कसं चालेल?"

मृदुलाने चपला काढायच्या आधीच विचारलं.

अप्पा टिपणीस अंगणात पावट्याच्या शेंगा निवडत होते. चाळीस वर्षं प्रोग्रॅम लिहून निवृत्त झालेला माणूस. शिष्य अजून घरी येतात, आणि नेमके जेवणाच्या वेळेला येतात.

"कोणाचं पाऊल?"

"डिबगरचं."

डिबगर हे प्रोग्रॅममधली चूक शोधायचं साधन. ते प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवतं आणि दर पावलाला थांबून आत काय चाललंय ते दाखवतं.

मृदुलाचा प्रोग्रॅम दहावीच्या एक लाख ऐंशी हजार मुलांना परीक्षा केंद्रं वाटत होता. त्यात पिंपळवाडीच्या शेवंता कोळेकरला केंद्र मिळालं होतं घरापासून नव्वद किलोमीटरवर. प्रवेशपत्रं पाच वाजता निघणार होती. त्याआधी चूक सापडली नाही, तर त्या पोरीची परीक्षा बुडणार होती.

"डिबगरला काय काय दाखवायला सांगितलंस?"

"सगळं. दर पावलाला अख्खी यादी." मृदुलाची मान ताठ झाली. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही, अप्पा. मोठा लॅपटॉप मिळाला, की झालं."

"बरं…"

अप्पांनी शेंगांची टोपली तिच्याकडे सरकवली. "ही जरा स्वयंपाकघरात नेऊन ठेव."

तिने एक पाऊल टाकलं.

"थांब. टोपलीत काय आहे?"

"शेंगा."

"एकेक दाखव."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. अप्पांचा चेहरा मात्र गंभीर होता. ती खाली बसली. एकेक शेंग वर्तमानपत्रावर मांडली, पुन्हा टोपली भरली, उठली. दुसरं पाऊल.

"थांब. टोपलीत काय आहे?"

"त्याच शेंगा, अप्पा."

"दाखव."

पुन्हा मांडामांड. तिसऱ्या पावलाला अप्पांनी नुसतं बोट वर केलं.

"अहो, असं केलं तर स्वयंपाकघर कधी येणार? दर पावलाला सगळ्या कशाला…"

ती तिथेच थांबली.

मग हसत सुटली. इतकी, की टोपली खाली ठेवावी लागली.

लॅपटॉप उघडून तिने स्क्रीनवरची ती लांबलचक यादी मिटवून टाकली. डिबगरला सांगितलं, कुठेही न थांबता धाव. फक्त शेवंताचा नंबर आला की थांब, आणि तिची एकटीची ओळ दाखव.

कळ दाबली आणि डिबगर लगेच थांबला.

पिंपळवाड्या दोन होत्या, दोन तालुक्यांत. प्रोग्रॅम तालुका विचारतच नव्हता. पहिली दिसली ती पिंपळवाडी धरत होता. मृदुलाने दोन ओळी बदलल्या. शेवंताचं केंद्र घरापासून चार किलोमीटरवर आलं.

मृदुलाला आनंद आवरेना. आधी ऑफिसला फोन, मग अप्पांना वाकून नमस्कार.

"पण अप्पा, माझा प्रोग्रॅम तर तुम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाहीत."

"बरं झालं ना," अप्पा म्हणाले. "पाहिला असता तर दोघंही अडकलो असतो."