चहा झोपेतून उठला

अगं ऋजुता, फोन ठेवू नकोस, आधी ऐक! आत्ता क्लासमध्ये काय झालं माहितीये? थांब, गोष्ट सांगतात तसं पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी सगळं उलटसुलट करेन.

तर एका शहरात, म्हणजे आपल्याच, एक क्लास होता. फरसाणाच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या देशात शिकायला जायची जी इंग्रजीची परीक्षा असते ना, तिची तयारी करून घेणारा. तिथे बोडस सर मॉडिफायर शिकवायचे. म्हणजे काय, तर वाक्यातला वर्णनाचा तुकडा ज्याचा आहे, त्याच्याच शेजारी बसवायचा. दुसऱ्याच्या शेजारी बसला की घोटाळा. सर दमलेले, आम्ही दमलेलो, पंखा तर सगळ्यात दमलेला.

आज त्याच धड्याची टेस्ट होती, ए-बी-सी-डी पर्यायांमधून एक निवडायची. अर्ध्याहून जास्त बरोबर आले तर फायनल बॅच. नाही आले तर पुढच्या बॅचची वाट बघायची, आणि तोवर कॉलेजांचे अर्ज बंद. म्हणजे वर्ष गेलं.

टेस्ट झाली की आमच्याकडे शेजाऱ्याशी पेपर बदलायचे. सर उत्तरं वाचतात, आपण शेजाऱ्याचा पेपर तपासतो. ओवी कुमठेकरकडे निषाद म्हस्केचा पेपर आला, निषादकडे ओवीचा. निषाद रात्रपाळी करून थेट क्लासला येतो. डोळे कायम लाल. ओवी म्हणजे शंका विचारून विचारून सरांना हैराण करणारी.

सरांनी उत्तरं वाचायला सुरुवात केली. आणि काय सांगू, फुल्याच फुल्या! सगळ्या वर्गात. पण कोणी काही बोललंच नाही. आम्हाला चुकायची इतकी सवय झालीये ना, की चुकलं म्हणजे आपलंच चुकलं. उलट मागच्या बाकावरचा परितोष शेजारच्याला समजावत होता, "अरे, कॉमा बघ ना, म्हणून बी बरोबर." आणि तो मान डोलावत होता!

शेवटी बेरीज झाली. निषाद नापास. ओवी काठावर पास. निषादने तिचा पेपर तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "अभिनंदन, बाई. पार्टी दे." आणि बॅग भरायला लागला. चिडला नाही, काही नाही. नुसता भरत होता.

ओवी त्याच्या पेपरकडे बघत बसली. मग स्वतःच्या पेपरकडे. मग परत त्याच्या. आणि हिने हात वर केला.

सर म्हणाले, "ओवी, आज नको गं. घसा बसलाय माझा."

"सर, एकच. अकरावा प्रश्न वाचता का?"

"उत्तर सांगितलं ना? बी."

"सर, बीमध्ये झोपेतून चहा उठलाय. आजोबा उठले आणि त्यांनी चहा प्यायला, असं पाहिजे ना? ते सीमध्ये आहे. निषादने सी लिहिलंय. मी फुली मारलीये, पण चुकीची मारलीये."

परितोष म्हणाला, "चहा कडक असेल." सगळे हसले. निषाद हळूच तिला म्हणाला, "अगं, तू स्वतः बी लिहिलंयस. तुला त्याचा मार्क मिळालाय. गप बस."

"माहितीये," ओवी म्हणाली. "घाईत ठोकलं होतं. आता वाचलं तेव्हा कळलं. आणि हे एकच नाहीये."

सरांनी वैतागून पेपर उचलला. वाचला. परत वाचला. मग हातातली आन्सर की बघितली आणि खुर्चीतच बसले. पेपर पहिल्या सेटचा, आन्सर की दुसऱ्या सेटची! अख्खा वर्ग बरोबर उत्तरांवर फुल्या मारत बसला होता.

"मी प्रश्न बघितलाच नाही," सर म्हणाले. "नुसती अक्षरं वाचत गेलो. आणि तुम्ही सगळे? तुम्हीपण?"

सगळ्यांनी पेन परत बाहेर काढले.

परत तपासलं. निषाद पास, आणि चांगला पास. ओवीचे चुकून मिळालेले मार्क गेले. नापास.

सर डस्टर इकडून तिकडे करत होते. मग म्हणाले, "ओवी, तू बस फायनल बॅचला. मी बघतो काय ते."

"नको सर. मग हिला घेतलं तर मला का नाही, असं बाकीचे विचारतील. आणि त्यांचं बरोबर असेल."

जिन्यात निषादने तिला गाठलं. "वेडी आहेस का तू? वर्ष गेलं तुझं. गप्प बसली असतीस तर?"

ओवी पायरीवरच बसली. म्हणाली, "तर तू घरी गेला असतास, आणि मी रोज वर बसून तुझी रिकामी जागा बघितली असती. आधीच मला झोप लागत नाही रे." मग डोळे पुसले आणि त्यालाच ओरडली, "आणि आता पास झालायस तर नीट अभ्यास कर, गाढवा."

तो तिची बॅग उचलून खाली घेऊन गेला.

तात्पर्य: चूक आपल्या फायद्याची असली तरी ती चूकच असते, आणि कितीही दमलेलो असलो तरी ती ज्याच्यावर पडतेय त्याच्यासाठी तोंड उघडावं. ऋजुता, खरं सांग हं, ओवीच्या जागी तू असतीस, तर हात वर केला असतास?